माऊस कुणाच्या हातात आहे?

*संगणकाचं मला जरा बरं येतं. एवढ्याच गुन्ह्यासाठी शाळेतल्या ४० सहकाऱ्यांचं पाच दिवसांचं संगणक प्रशिक्षण माझ्या गळ्यात पडलं आहे. मी वेळापत्रक केलंय: पहिल्या दिवशी संगणकाची ओळख आणि इतिहास, मग वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट आणि शेवटच्या दिवशी इंटरनेट व एआय. पण मागचं प्रशिक्षणही असंच झालं होतं. साधनव्यक्ती (बाहेरून आलेले प्रशिक्षक) आले, सगळ्यांनी वह्या भरभरून टिपणं काढली आणि निकालाची वेळ आली तेव्हा सगळे पुन्हा माझ्याच दारात. चालू संगणक २० आहेत. काही ज्येष्ठ मंडळी माऊसला हात लावत नाहीत, आणि काही तरुणांना ‘हे तर आम्हाला येतंच’ असं वाटतं. खरोखर उपयोगी पडेल असं प्रशिक्षण कसं आखू?*
*– नाइलाजाने तंत्रस्नेही*

बाई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात: ‘सगळे पुन्हा माझ्याच दारात.’ ते कशासाठी येतात, हे कधी लिहून ठेवलंत का? नसेल, तर प्रशिक्षणाआधीचे दोन आठवडे एक वही दाराशी ठेवा. कोण आलं हे लिहू नका, काय अडलं ते लिहा, आणि तेही त्यांच्याच शब्दांत. ‘बेरीज चुकतेय.’ ‘प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली तर नुसते चौकोन दिसतात.’ ‘काल केलेली फाइल सापडत नाही.’ ‘छापायला गेलं की शेवटचा रकाना दुसऱ्या पानावर जातो.’ दोन आठवड्यांत वीसेक नोंदी होतील आणि त्यातल्या निम्म्या पुन्हा पुन्हा आलेल्या असतील. ज्या जास्त वेळा आल्या, तोच तुमचा अभ्यासक्रम. तो दुसऱ्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही.

आता वेळापत्रक. स्पष्ट लिहितो, राग मानू नका. एक दिवस वर्ड, एक दिवस एक्सेल ही वाटणी सॉफ्टवेअर विकणाऱ्यांची आहे. शिक्षकाचं काम असं कप्प्याकप्प्यांनी येत नाही. निकाल लावायचा म्हणजे गुण भरायचे, बेरजा करायच्या, तपासायच्या, छापायच्या, पालकांना पत्र काढायचं आणि पुढच्या वेळी सापडेल अशा जागी सगळं ठेवायचं. यात तीन सॉफ्टवेअर आली, पण काम एकच. म्हणून एका सत्राला एक काम घ्या आणि ते पहिल्या क्लिकपासून छापलेल्या कागदापर्यंत न्या. सत्र संपताना प्रत्येकाच्या हातात स्वतःच्या वर्गाची खरी, पूर्ण झालेली वस्तू असली पाहिजे. ‘राम, श्याम, १०, २०’ असल्या सरावाच्या फायली कुणालाच दुसऱ्या दिवशी लागत नाहीत.

इतिहासाचं सत्र तर काढूनच टाका. कुणी विचारलंच तर मधल्या सुट्टीत सांगा की हिशेबाची आखीव वही पडद्यावर आणणारं व्हिसिकॅल्क १९७९ साली आलं, आणि कित्येकांनी निव्वळ त्याच्यासाठी संगणक विकत घेतला. त्या लोकांना इनपुट-आउटपुटची व्याख्या येत नव्हती. हिशेब करायची घाई मात्र होती.

‘काम शिकवा’ हा सल्ला तुम्हाला कुणीही देईल. माझा आग्रह त्याच्या पुढचा आहे: अडणं शिकवा. काम सुरळीत चाललं, तर तुमची गरज मुळातच नाही. सहकारी दारात येतात ते काहीतरी बिनसल्यावर. आणि प्रशिक्षणात आपण नेमकं काय करतो, तर काहीही बिनसू नये याची काळजी घेतो! साधनव्यक्तीची फाइल निर्दोष, प्रोजेक्टरवर सगळं लख्ख, सगळे एकाच वेळी एकच बटण दाबतात. असं गुळगुळीत प्रशिक्षण पाहिलं की मला भीतीच वाटते.

१९८०च्या दशकात आयबीएमच्या संशोधन केंद्रात जॉन कॅरोल आणि त्यांचे सहकारी वर्ड प्रोसेसर शिकणाऱ्या माणसांचं निरीक्षण करत होते. त्यांच्या लक्षात आलं की जाडजूड माहितीपुस्तिका लोक क्रमाने वाचतच नाहीत. मधूनच उडी मारतात, आपलं काम करू पाहतात, एक बारीकशी चूक होते आणि तिच्यातून मोठा गुंता. मग त्यांनी पुस्तिका कापून काढली. प्रास्ताविकं गेली, उजळण्या गेल्या. खऱ्या कामांना जागा दिली आणि ‘चूक झाली तर कसं ओळखायचं, कसं मागे यायचं’ याला मुद्दाम वाढवली. ती बारकी पुस्तिका घेऊन शिकणारे जाडी पुस्तिका घेणाऱ्यांपेक्षा लवकर शिकले. सॉफ्टवेअर तेव्हापासून पार बदललं, पण अडलेला माणूस आजही तसाच वागतो.

म्हणून तुम्ही एक बिघडवलेली फाइल तयार करा. निकालपत्रकाचंच उदाहरण घ्या. ३० मुलं, पाच विषय. त्यात चार खोड्या पेरून ठेवा.

पहिली खोडी गैरहजर मुलाची. एका चाचणीत चार मुलांचे गुण ४०, ३०, ५० आणि चौथा गैरहजर. त्याची चौकट मोकळी सोडली तर अ‍ॅव्हरेजचं सूत्र तीन मुलांची सरासरी काढतं, ४०. कुणी तिथे शून्य भरलं की तीच सरासरी ३० वर येते. ‘गै.’ असं लिहिलं तर सूत्र ते अक्षर सोडून देतं आणि पुन्हा ४० देतं. पण बेरीज अधिकचं चिन्ह टाकून एकेक चौकट जोडत केली असेल, तर त्याच ‘गै.’पायी उत्तराच्या जागी त्रुटी येते. इथे थांबा. संगणक बाजूला ठेवून विचारा, ‘आपल्याला यातलं काय हवंय?’ वाद होईल. होऊ द्या. गैरहजेरी म्हणजे शून्य की नोंदच नाही, हा प्रश्न शिक्षकांचा आहे आणि त्यावर त्यांना बोलायला भरपूर असतं. मी हे जेव्हा केलं तेव्हा तासभर गप्प बसलेली माणसं पहिल्यांदा बोलायला लागली ती इथेच.

दुसरी खोडी म्हणजे एके ठिकाणी ४० मधल्या शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ हे अक्षर. डोळ्यांना फरक कळत नाही. बेरजेचं सूत्र त्या चौकटीला मुकाट्याने वगळतं, कुठलीही तक्रार न करता, आणि एका मुलाचे ४० गुण गायब होतात. शोधायचं कसं? रकाना नीट बघा. मुद्दाम मधोमध आणलेलं नसेल, तर आकडा चौकटीच्या उजव्या कडेला चिकटतो आणि मजकूर डाव्या. एकोणतीस आकडे उजवीकडे रांगेत उभे आणि एकच डावीकडे! हे ज्याने स्वतः हेरलं तो आयुष्यभर विसरत नाही. साधनव्यक्तीने नुसतं सांगितलं तर ते वहीत जातं आणि तिथेच राहतं.

तिसरी खोडी क्रम लावण्याची, आणि ही सगळ्यात घातक. फक्त गुणांचा रकाना निवडून उतरता क्रम लावला की गुण वरखाली होतात, पण नावं जागच्या जागी राहतात. पहिल्या मुलीचे गुण पाचव्याला. एक्सेल त्याआधी विचारतं, शेजारचे रकाने सोबत घेऊ का म्हणून. पण पाटी नीट न वाचता ‘निवडलंय तेवढ्याचाच क्रम लावा’ हा पर्याय घेतला की घोळ झालाच. फाइल अशी बिघडलेली आहे हे कागदावरचे मूळ गुण समोर ठेवल्याशिवाय कळत नाही, म्हणून मूळ यादीची एक छापील प्रत प्रत्येकाला द्या. चौथी खोडी लहान आहे. हजेरी क्रमांक ००७ लिहिला की नुसता ७ उरतो, आणि १५ अंकांपेक्षा लांब ओळख क्रमांक भरला तर पंधराव्यानंतरचे अंक शून्य होऊन बसतात. उपाय सोपा: भरण्याआधीच तो रकाना ‘मजकूर’ प्रकारचा करायचा. नंतर करून गेलेले अंक परत येत नाहीत.

या एका फायलीवर अख्खं सत्र जाईल. जाऊ द्या. त्यात सूत्रं, क्रम, चौकटींचे प्रकार सगळं येऊन जातं, फक्त धड्यांच्या नावांनी येत नाही.

आता ज्येष्ठ मंडळी. इथे मी स्वतः केलेला एक घोळ सांगतो. फार पूर्वी एका प्रशिक्षणात गणिताचे एक अनुभवी सर होते. आमच्यातल्या कुणापेक्षाही त्यांचं डोकं तल्लख. दोनदा क्लिक करणं त्यांना जमेना. दोन क्लिकांच्या मध्ये हात हलायचा. मी त्यांच्या खांद्यावरून वाकलो, माऊस घेतला आणि म्हणालो, ‘हे बघा सर, असं.’ तीनदा. दर वेळी काम झालं, दर वेळी ते ‘आलं लक्षात’ म्हणाले, आणि दुपारनंतर ते आलेच नाहीत. पुढे कितीतरी दिवसांनी भेटले तेव्हा म्हणाले, ‘मला शिकायचं होतं हो, पण तुम्हाला घाई होती.’ माऊसला हात लावला की घाई कुणाची हे समोरच्याला लगेच कळतं.

म्हणून नियम करा आणि तो फळ्यावर लिहा: शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याच्या माऊसला हात लावायचा नाही. बोट दाखवा, शब्दांनी सांगा, वाटल्यास हात पाठीमागे बांधून फिरा. दोनदा क्लिक जमत नसेल तर एकदाच क्लिक करून एंटर दाबायला शिकवा, तेच होतं. क्लिकचा वेग सेटिंगमध्ये जाऊन मंद करता येतो, बाणही मोठा करता येतो. हे आदल्या दिवशीच करून ठेवा आणि सगळ्याच संगणकांवर करा, म्हणजे कुणाला आपल्यासाठी खास सोय केल्यासारखं वाटणार नाही.

त्या सरांची खरी भीती माऊसची नव्हतीच. आपल्या हातून सगळ्या वर्गाचा निकाल पुसला जाईल याची होती. चाळीस वह्या तपासणाऱ्या माणसाला ती भीती असणारच, आणि ती चांगलीही आहे. तेव्हा पहिल्या दिवसाचा पहिला अर्धा तास फक्त मोडतोडीचा ठेवा. एक भरलेली फाइल द्या. आधी तिची प्रत करायला लावा. मग सगळं निवडून डिलीट. पांढरा पडदा. क्षणभर सगळे श्वास रोखतात. मग कंट्रोल-झेड आणि सगळं परत. पुन्हा पुसा, पुन्हा आणा. मग फाइल सेव्ह करून बंद करायला लावा आणि दाखवा की आता कंट्रोल-झेड काही करत नाही, म्हणून तर आधी प्रत केली. या अर्ध्या तासानंतर खोलीतला आवाज बदलतो, हे तुम्हाला ऐकूनच कळेल.

तरुणांचं म्हणाल, तर त्यांना फोन येतो. फोनवर फाइल ‘कुठे आहे’ हा प्रश्नच पडत नाही, म्हणून संगणकावर त्यांची सगळी दुनिया डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये साठलेली असते: ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘अंतिम खरंच शेवटचं’. त्यांना न दुखवता सांगायचं असेल तर सांगूच नका. सुरुवातीलाच म्हणा, मागच्या सत्राची तुमची प्रश्नपत्रिका दोन मिनिटांत उघडून दाखवा. पुढचं आपोआप होतं. मात्र या मंडळींना फुकटचे मदतनीस करू नका. ते तुमच्यापेक्षाही लवकर दुसऱ्याच्या माऊसवर झडप घालतात.

४० माणसं, २० संगणक. मी असतो तर वीस-वीसच्या दोन तुकड्या केल्या असत्या, एक सकाळी, एक दुपारी. प्रत्येकाला निम्मेच तास मिळतील. चालेल. शेजारी बसून दोन तास बघण्यापेक्षा स्वतःच्या हाताने केलेला एक तास केव्हाही बरा. फक्त बिघडवलेल्या फायलीच्या सत्राला मुद्दाम जोड्या करा, कारण चूक शोधताना बोलणं लागतं. आणि तिथे नियम असा की कमी येतं त्याच्या हाती माऊस, जास्त येतं त्याची हाताची घडी. तोंडावर बोट मात्र नको, त्याने बोलूनच सांगायचं.

अडलेल्याने हात वर करावा अशी अपेक्षा ठेवू नका. हात वर केला की काम थांबतं आणि खोलीभर कळतं की याला जमत नाही. शास्त्रज्ञांना संगणकाचं काम शिकवण्यासाठी १९९८ साली सुरू झालेल्या सॉफ्टवेअर कार्पेंट्रीच्या वर्गांमध्ये यावर एक साधी युक्ती रूढ झाली: प्रत्येकाकडे दोन रंगांच्या चिकटचिठ्ठ्या. काम झालं की एक रंग पडद्याच्या वरच्या कडेला लावायचा, अडलं की दुसरा. शिकवणाऱ्याला एका नजरेत खोली वाचता येते आणि अडलेला माणूस मदत येईपर्यंत धडपडत राहू शकतो. शिक्षकांसाठी तर ही युक्ती दुप्पट उपयोगाची. ‘समजलं का?’ या प्रश्नाला येणाऱ्या ‘हो’ची किंमत आपल्याइतकी दुसऱ्या कुणाला ठाऊक आहे?

दुसऱ्या संगणकावर चौकोन दिसण्याचा प्रश्न तुमच्याकडे असणारच, म्हणून एवढं सांगतो. जुन्या फॉन्टमध्ये संगणकाला मराठी ठाऊकच नसते. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल गेली की चित्रं जातात आणि खालचा इंग्रजी कचरा किंवा चौकोन उरतात. युनिकोड म्हणजे सगळ्या संगणकांनी मान्य केलेली अक्षरांची सामायिक यादी. तिच्यात देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा राखून ठेवल्या आहेत, त्यामुळे ‘क’ कुठेही ‘क’च राहतो. युनिकोडमध्ये टाइप करायला पहिल्याच दिवशी लावा, आणि जुन्या प्रश्नपत्रिका बदलत बसू नका. नवीन तेवढी युनिकोडमध्ये, जुनी लागेल तशी.

एआयला एक तास पुरे, पण तो फुशारकीचा तास नको. प्रत्येकाने आपल्याच पाठावर त्या साधनाकडून दहा प्रश्न आणि त्यांची उत्तरं मागवायची, ती छापायची आणि लाल पेनाने तपासायची. कुठे उत्तर चुकलंय, कुठे प्रश्न इयत्तेच्या वरचा आहे, कुठे वाक्य मराठी वाटत नाही. चुकीची गोष्टही ही साधनं तितक्याच ठामपणे सांगतात, हे भाषण देऊन पटत नाही, तपासून पटतं. आणि तपासण्यात आपला हात कुणी धरणार नाही! मुलांची नावं, गुण, घरची माहिती त्यात टाकायची नाही, एवढं मात्र आधीच आणि दोनदा बजावा.

सलग पाच दिवसांना माझा विरोध आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच केलेले स्मरणशक्तीचे प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेलं सगळ्यात वेगाने विसरतं ते पहिल्या काही तासांत आणि दिवसांत, आणि अंतराअंतराने उजळणी केली तर ते टिकतं. मुलांना परीक्षेच्या आदल्या रात्री घोकू नका म्हणणारे आपणच, आपल्या प्रशिक्षणात मात्र पाच दिवसांत सगळं कोंबतो. मुख्याध्यापकांना विचारा, आठवड्याला एक अर्धा दिवस असं जमेल का. नाहीच म्हणाले तर तीन दिवस आत्ता आणि उरलेले दोन महिन्याभराने घ्या. त्या दोन दिवसांत नवीन काही शिकवू नका, मधल्या काळात जे अडलं तेच घ्या. वही दाराशी असेलच.

वरून कुणी आराखडा मागितला, तर शिक्षकांना संगणक-तंत्रज्ञानाचं काय काय यायला हवं याचा युनेस्कोचा आराखडा आहे. २०१८च्या त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत १८ क्षमता दिल्या आहेत. तो शेवटी बघा, काही निसटलंय का एवढ्यापुरता. त्यावरून वेळापत्रक करायला बसलात तर पुन्हा तुमचं तेच पहिलं वेळापत्रक तयार होईल, फक्त जरा जड शब्दांत.

प्रत्येक कामाची एक पानी चिठ्ठी द्या, पाठपोट नको. पडद्यावर जे शब्द दिसतात तेच तिच्यात लिहा. मेनू इंग्रजीत असेल तर त्याचं भाषांतर करू नका, त्याचा फोटो लावा. चिठ्ठीचा खालचा निम्मा भाग ‘असं झालं तर’ यासाठी ठेवा. हे पान तुम्ही स्वतः बनवू नका. त्या ‘आम्हाला येतंच’ वाल्यांकडून बनवून घ्या आणि ज्याला अजिबात येत नाही अशा एका सहकाऱ्याकडून तपासून घ्या. तो जिथे अडेल तिथे पान बदलायचं, माणूस नाही.

शेवटी अभिप्राय फॉर्म. ‘प्रशिक्षण कसे वाटले?’ याला ‘उत्तम’ हे उत्तर आधीच छापून ठेवलं तरी चालेल. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या: आवडलं का, शिकलं का, कामात वापरलं का आणि त्यातून काही साधलं का. आपल्याकडचे बहुतेक फॉर्म पहिल्या पायरीवरच बसून असतात. तुमच्याकडे तिसरी पायरी मोजायचं साधन आधीच आहे, तीच दाराशी ठेवलेली वही. प्रशिक्षणानंतर सहा आठवडे ती चालू ठेवा. येणाऱ्यांची संख्या कमी झाली नाही तरी निराश होऊ नका, नोंदी वाचा. ‘बेरीज चुकतेय’ऐवजी ‘बेरजेत एक आकडा डावीकडे दिसतोय, तो का?’ असं कुणी विचारलं, तर त्या माणसाने निम्मं काम आधीच केलेलं आहे. त्याला तुमच्या खुर्चीत बसवा, तुम्ही शेजारी उभ्या राहा, आणि माऊस त्याच्याच हातात राहू द्या.